कागदावर राहिलेली मंदिरे : वास्तुविशारद विल्यम बर्जेस यांचे चरित्र

ह्या स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे लावीत असता आमच्या कचेरीच्या कपाटातून एक गुंडाळलेला नकाशा निघाला. आमच्या आधीच्या कोणा धर्मगुरूंनी तो काढविलेला दिसतो. त्यात रेखाटलेले ख्रिस्तमंदिर आज उभ्या असलेल्या मंदिराहून बरेच मोठे आहे. त्यास उंच मनोरा आहे, दोन्ही अंगांस ओसऱ्या आहेत आणि दर्शनी भिंतीत मोठी गोल खिडकी आहे. मदतीस आलेल्या एका तरुणाने हा नकाशा सहज उचलून रद्दीच्या ढिगावर ठेविला. जे बांधलेच नाही त्याचा कागद जपून काय करावयाचे, असा त्याचा सरळ प्रश्न होता. आम्ही नकाशा परत घेतला, परंतु त्या प्रश्नाचे उत्तर आम्हास त्या वेळी देता आले नाही. पुढील चरित्र म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर होय.

अपुऱ्या राहिलेल्या मनोरथांची कोपरगावकरांस ओळख नाही असे नाही. सालबाईच्या तहानंतर राघोबादादा पेशवे येथे येऊन राहिले आणि १७८३ साली येथेच वारले. गादी परत मिळविण्याचा त्यांचा बेत सिद्धीस गेला नाही. त्यांचा वाडा दगडाचा म्हणून लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला. जग उभी राहिलेली वस्तू मोजते आणि मनातच राहिलेल्या वस्तूस सोडून देते, हा व्यवहार जुनाच आहे. तथापि सर्वच अपुरे बेत एका मापाने मोजता येत नाहीत. काही बेत माणसाबरोबर संपतात आणि काही त्याच्यामागे काम करीत राहतात. ज्यांची कथा आम्ही सांगणार आहो त्यांचे बेत दुसऱ्या प्रकारचे होते. शिवाय त्यांचा एक बेत आपल्या मुंबई शहरासाठी होता.

विल्यम बर्जेस यांचा जन्म २ डिसेंबर १८२७ रोजी झाला. वडील आल्फ्रेड बर्जेस हे मोठे इंजिनियर असून घरी सुबत्ता होती. पोटासाठी मिळेल ते काम करण्याची पाळी मुलावर कधी आली नाही. आणि ह्या गोष्टीचे बरे व वाईट असे दोन्ही परिणाम त्यांच्या आयुष्यात दिसून येतात. १८३९ साली ते लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या शाळेत दाखल झाले. १८४४ साली शाळा सोडून ते एडवर्ड ब्लोर ह्या वास्तुविशारदाच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. वेस्टमिन्स्टर ॲबी ह्या प्राचीन मंदिराची देखरेख तेव्हा ब्लोर यांजकडे होती. त्या मंदिराच्या दगडांनीच बर्जेस यांस मध्ययुगाची गोडी लाविली असे मानावयास हरकत नाही.

मध्ययुगीन ख्रिस्ती कारागिरांच्या ज्या शैलीस गॉथिक म्हणतात ती आपल्या वाचकांस अगदीच अपरिचित नाही. टोकाशी निमुळत्या होत जाणाऱ्या कमानी, उंच सुळके, रंगीत काचांच्या खिडक्या आणि दगडात कोरलेली पाने, पक्षी व संत, ही तिची लक्षणे होत. मुंबईचे विद्यापीठ ज्याने पाहिले आहे त्याने ह्या शैलीचे एकोणिसाव्या शतकातील रूप पाहिले आहे. बर्जेस यांचे मन तेराव्या शतकातील फ्रान्सच्या गॉथिक मंदिरांवर जडले. १८४९ सालापासून त्यांनी प्रवास आरंभिला. फ्रान्स, जर्मनी, स्पेन, इटली, ग्रीस आणि तुर्कस्तान असे देश ते हिंडले व जेथे गेले तेथे चित्रे काढीत राहिले. वास्तुविशारदाने प्रवास करावाच, असा त्यांचा ठाम ग्रह होता.

तेराव्या शतकात व्हिलार द ऑनेकूर नावाचा एक फ्रेंच मनुष्य होऊन गेला. चर्मपत्रांवर काढलेल्या त्याच्या रेखाटनांची एक चोपडी पॅरिस येथे जपून ठेविलेली आहे. तीत मंदिरांचे मनोरे आहेत, यंत्रे आहेत, सिंह आहेत आणि माणसेही आहेत. बर्जेस यांनी ह्या चोपडीचा मोठ्या भक्तीने अभ्यास केला आणि स्वतःही चर्मपत्रावर तशीच चित्रे काढिली. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने जपलेले कागद आपणास शिकवितात, हा अनुभव त्यांस तरुणपणीच आला होता.

स्वभावाने हे गृहस्थ मोठे विनोदी होते. शरीराने ठेंगणे व स्थूल, आणि दृष्टी इतकी अधू की एकदा मोरास माणूस समजले अशी त्यांची गोष्ट सांगतात. त्यांनी लग्न केले नाही. पोपट पाळावे, मध्ययुगीन पोशाख करावा, स्नेह्यांस हसवावे, अशी त्यांची तऱ्हा होती. परंतु कागदावर रेघ ओढावयास बसले म्हणजे हाच मनुष्य अत्यंत गंभीर होत असे.

१८५६ साली फ्रान्समधील लील ह्या नगरात एक मोठी स्पर्धा झाली. पवित्र मारियेच्या नावाने तेथे भव्य मंदिर बांधावयाचे होते व त्याकरिता सर्व देशांच्या वास्तुविशारदांकडून आराखडे मागविले होते. हेन्री क्लटन आणि बर्जेस यांनी मिळून पाठविलेल्या आराखड्यास पहिले बक्षीस मिळाले. बर्जेस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. परंतु विजेते परदेशचे, त्यातून प्रॉटेस्टंट देशचे, ही गोष्ट तेथील मंडळींस रुचली नाही. बक्षीस दिले गेले आणि काम मात्र तद्देशीयांकडे सोपविले गेले. ते मंदिर पुढे इतके रेंगाळले की त्याची दर्शनी बाजू १९९९ साली पुरी झाली. ही हकीकत कॅथलिक स्मरणिकेत लिहिताना आम्हास थोडा संकोच वाटतो. बर्जेस कॅथलिक नव्हते हे खरे. परंतु त्यांच्या रेखाटनातील भक्तिभाव ओळखून त्यांस पहिला क्रमांक देणारे परीक्षक होते हेही तितकेच खरे आहे.

दुसरा प्रसंग कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा. क्रिमियाच्या युद्धात पडलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी तेथे मंदिर बांधावयाचे ठरविले. १८५७ साली ह्या स्पर्धेतही बर्जेस पहिले आले. मात्र खर्च फार होतो म्हणून आराखड्यास कात्री लागली, पुन्हा लागली, आणि अखेर १८६३ साली काम त्यांच्या हातून काढून जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांस देण्यात आले. लीलच्या स्पर्धेत दुसरे आलेले ते हेच स्ट्रीट. १८५९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन नगरासाठी बर्जेस यांनी एक कॅथेड्रल रेखाटले. तेही बांधले गेले नाही. वयाच्या पस्तिशीपर्यंत ह्या माणसाच्या पदरी तीन मोठी मंदिरे होती आणि तिन्ही कागदाची होती.

तथापि ह्याच सुमारास त्यांचे दैव उघडले. आयर्लंडमधील कॉर्क नगरात संत फिनबार यांच्या नावाने अँग्लिकन कॅथेड्रल बांधावयाचे होते. १८६३ साली बर्जेस यांचा आराखडा तेथे पसंत झाला. १८६५ साली कोनशिला बसली, १८७० साली मंदिराचे समर्पण झाले आणि १८७९ पर्यंत तिन्ही उंच सुळके उभे राहिले. लील, कॉन्स्टँटिनोपल व ब्रिस्बेन येथे जे साधले नाही त्यातील पुष्कळसे त्यांनी कॉर्कमध्ये दगडात उतरविले. जुने कागद त्यांनी टाकून दिले नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

परंतु ह्याच मंदिराच्या निमित्ताने त्यांचा दोषही सांगितला पाहिजे. स्पर्धेतील खर्चाची मर्यादा १५,००० पौंड होती. बर्जेस यांच्या आराखड्यात ती पाळलेली नव्हती, आणि अखेरचा खर्च १,००,००० पौंडांच्या वर गेला. ज्या स्पर्धकांनी मर्यादा पाळली त्यांनी तक्रार केली असल्यास त्यांस दोष देता येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपली म्हण बर्जेस यांच्या गावी नव्हती. घरी पैशाची ददात नसलेल्या माणसास दुसऱ्याच्या पिशवीचा तळ दिसत नाही, हे त्यांच्या बाबतीत खरे होते. तेव्हा त्यांची मंदिरे कागदावर राहिली याचा सर्व दोष जगाच्या कद्रूपणास देणे न्यायाचे होणार नाही.

आता मुंबईचा आराखडा. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि हिंदी कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे जुने तट पाडवून नव्या इमारतींस जागा मोकळी करविली. सर जमशेदजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून कलाशाळा १८५७ सालीच सुरू झाली होती. १८६५ साली लॉकवुड किपलिंग हे शिक्षक म्हणून तेथे आले, आणि १८६६ साली सजावटीची चित्रकला, मूर्तिकाम व शोभेचे लोखंडकाम अशा तीन कार्यशाळा तेथे चालू झाल्या. ह्या शाळेस साजेशी इमारत हवी होती. तिचा आराखडा काढण्याचे काम लंडनमध्ये बर्जेस यांजकडे आले.

भारत त्यांनी कधीही पाहिला नव्हता. तरी १८६६ साली त्यांनी ह्या कलाशाळेसाठी जी चित्रे काढिली ती त्यांच्या सर्वोत्तम कृतींत गणली जातात. फ्रान्सच्या थंड हवेत वाढलेली गॉथिक शैली मुंबईच्या उन्हापावसात कशी नांदेल, ह्या प्रश्नाशी त्यांनी त्यांत झुंज घेतली आहे. कारागिरांच्या शाळेची इमारत हीच कारागिरीचा धडा व्हावी, असा त्यांचा हेतू दिसतो. परंतु १८६५ च्या मध्यास अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि मुंबईतील कित्येक पेढ्या व कंपन्या बुडाल्या. बर्जेस यांची इमारत अति खर्चाची ठरली व बाजूस पडली. कलाशाळेची आजची इमारत पुढे १८७८ साली, दुसऱ्याच्या आराखड्यावरून, पुरी झाली. तथापि बर्जेस यांच्या चित्रांची हकीकत येथे संपत नाही. तिचा उरलेला भाग आम्ही शेवटी सांगू.

पुढील वर्षांतही हाच क्रम चालला. १८६६-६७ साली लंडनच्या न्यायमंदिरासाठी अकरा वास्तुविशारदांत स्पर्धा झाली. बर्जेस यांनी मनोऱ्यांनी गजबजलेले एक नगरच कागदावर उभे केले. काम मिळाले ते पुन्हा स्ट्रीट यांस. लंडनच्या संत पौलाच्या कॅथेड्रलचा अंतर्भाग सजविण्यासाठी त्यांनी भव्य योजना तयार केली. १८७४ साली तिच्या प्रतिकृती प्रदर्शनात मांडल्या गेल्या, त्यावर मोठे रण माजले, आणि १८७७ पर्यंत सर्व योजना मोडीत निघाली. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजसाठी त्यांनी चार विशाल चौकांचा आराखडा काढिला. त्यांतील जेमतेम एका चौकाची एक बाजू तेवढी बांधली गेली. ती आजही उभी आहे.

सुदैवाने त्यांस एक यजमान असे भेटले की ज्यांच्याजवळ पैशाची तूट नव्हती आणि कल्पनेचीही नव्हती. तिसरे मार्क्विस ऑफ ब्यूट हे वेल्समधील कार्डिफ बंदराचे धनी. ते वयाने बर्जेस यांच्याहून वीस वर्षांनी लहान होते. डिसेंबर १८६८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी लोकनिंदेची पर्वा न करता कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. त्यांच्यासाठी बर्जेस यांनी कार्डिफचा जुना किल्ला नव्याने सजविला. १८६९ पासून तेथे घड्याळाचा मनोरा चढू लागला. दालनादालनांतून ग्रह, ऋतू, संत आणि पशुपक्षी रंगांत व दगडांत अवतरले. जवळच एका टेकडीवर कास्टेल कॉख नावाच्या ढासळलेल्या गढीच्या जागी १८७५ पासून त्यांनी नवा दुर्ग उभारावयास घेतला. यजमान आणि कारागीर यांचे मन एक झाले म्हणजे कागदावरील रेघ दगड कशी होते, याचे हे उदाहरण होय.

स्वतःसाठी बर्जेस यांनी लंडनच्या केन्सिंग्टन भागात मनोऱ्याचे एक घर बांधिले व १८७८ साली ते तेथे राहावयास गेले. त्या घराचा भोग त्यांस फार दिवस लाभला नाही. जानेवारी १८८१ मध्ये रॉयल अकॅडमीने त्यांस आपल्या सहसभासदांत घेतले. वसंत ऋतूच्या आरंभी कार्डिफचे काम पाहावयास गेले असता त्यांस थंडी बाधली. अर्धांगवायूच्या स्थितीत ते लंडनला परतले आणि सुमारे तीन आठवडे अंथरुणास खिळून २० एप्रिल १८८१ रोजी त्याच घरी वारले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. आम्हीही त्याच दशकात आहो. ह्या वयात मनुष्य आपल्या हातून काय झाले याची मोजदाद करू लागतो, आणि ती करताना न झालेल्या कामांची यादी पुष्कळदा लांब निघते. बर्जेस यांस लंडनच्या वेस्ट नॉरवुड येथे, त्यांनीच आपल्या मातोश्रींसाठी रेखाटलेल्या कबरीत, पुरण्यात आले.

मृत्यूनंतर विस्मृती लवकर आली. गॉथिक शैलीचा काळ सरला आणि नव्या पिढीस असले काम म्हणजे श्रीमंतांचा पोरखेळ वाटू लागले. त्यांच्या घरातील सामान विकले गेले व पांगले. १९६० नंतरच्या काही वर्षांत ते घरही ओसाड पडले व त्याची नासधूस झाली. ज्याने आयुष्यभर रेखाटले त्याच्या नावाचा उल्लेखही सुमारे शंभर वर्षे थोड्याच लोकांच्या तोंडी राहिला.

तरीही दोन-तीन माणसांनी आपले कर्तव्य सोडले नाही. त्यांचे मेहुणे रिचर्ड पॉपलवेल पुलन यांनी बर्जेस यांचे आराखडे राखिले व १८८३ साली ग्रंथरूपाने छापिले. विल्यम फ्रेम प्रभृती सहकाऱ्यांनी मागे राहिलेली रेखाटने पुढे ठेवून कास्टेल कॉखचे काम चालविले आणि १८९१ साली पुरे केले. म्हणजे तो दुर्ग यजमानास मिळाला तेव्हा त्याचा कर्ता जाऊन दहा वर्षे झाली होती. पुढे १९८१ साली, मृत्यूच्या शताब्दीस, जे. मॉर्डंट क्रुक ह्या विद्वानांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला, प्रदर्शने भरली, आणि जगास ह्या माणसाची पुन्हा ओळख झाली. ती ओळख कशामुळे शक्य झाली? कोणीतरी कागद रद्दीत घातले नाहीत म्हणून.

आता मुंबईची राहिलेली हकीकत. बर्जेस यांजकडे विल्यम इमर्सन नावाचा एक तरुण शिकत होता. कलाशाळेचे आराखडे घेऊन हा शिष्य १८६० नंतरच्या त्या दशकात मुंबईस आला. आराखडे नापसंत झाले. शिष्य मात्र येथेच राहिला. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दीत मुंबईत जी मोठी मंडई उभी राहिली, जीस आज महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव आहे, ती ह्याच इमर्सन यांनी बांधिली. तिच्या प्रवेशद्वारावरील कोरीव चित्रे कलाशाळेच्या लॉकवुड किपलिंग यांची आहेत. पुढे इमर्सन यांनी अलाहाबादचे ऑल सेंट्स कॅथेड्रल रेखाटले, आणि कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल, ज्याचे बांधकाम १९०६ ते १९२१ पर्यंत चालले, तेही त्यांचेच.

आपल्या गावचा मनुष्य मनमाडवरून मुंबईस जातो, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो आणि थोडे उत्तरेस चालत जातो. वाटेत त्यास मंडईची टोकदार कमान आणि घड्याळाचा मनोरा दिसतो. रस्त्याच्या दुसऱ्या अंगास झाडांच्या आड कलाशाळा आहे. बर्जेस यांची इमारत तेथे शोधून सापडणार नाही. परंतु त्या इमारतीची चित्रे काखेत घेऊन जो शिष्य बोटीतून उतरला, त्याच्या हातचे काम त्याच्या डोळ्यांपुढे उभे असते. गुरूने जे कागदावर ठेविले ते शिष्याच्या हातात उतरले होते. न बांधलेल्या एका इमारतीने आपल्या देशास बांधलेल्या कित्येक इमारती दिल्या.

पवित्र शास्त्रातील दावीद राजाची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. प्रभूचे मंदिर बांधावे ही त्याची उत्कट इच्छा होती, परंतु ते काम त्याच्या वाट्यास आले नाही. त्याने रुसून आपला बेत फाडून टाकिला नाही. ओसऱ्यांचा, कोठारांचा, माड्यांचा आणि आतल्या खोल्यांचा आराखडा त्याने आपल्या पुत्राच्या, शलमोनाच्या, स्वाधीन केला व साहित्यही जमवून दिले. मंदिर शलमोनाच्या नावाने प्रसिद्ध झाले. आम्हास वाटते, मंदिर बांधण्याइतकेच आराखडा दुसऱ्याच्या हाती देणे हेही कठीण काम आहे; आणि आपल्या पिशवीचा तळ पाहून थोडक्यात बांधणे व मोठा बेत पुढच्यांसाठी राखून ठेवणे हा दोहोंचा मेळ तर त्याहूनही कठीण. बर्जेस यांस पहिली गोष्ट साधली, दुसरी साधली नाही. आमच्या आधीच्या धर्मगुरूंस मात्र दोन्ही साधल्या. त्यांनी ऐपतीपुरते मंदिर बांधिले, त्यात आपण इतकी वर्षे प्रार्थना केली, आणि मनातील मंदिर गुंडाळून कपाटात ठेविले.

तो नकाशा आम्ही पुसून स्वच्छ केला असून महोत्सवाच्या दिवशी मंदिराच्या ओसरीत लावणार आहो. मनोरा कधी होईल किंवा होणारही नाही. त्याबद्दल आम्ही कोणास वचन देत नाही व कोणाकडे वर्गणीही मागत नाही. इतकेच सांगावयाचे की ज्या तरुणाने तो रद्दीवर ठेविला होता त्यानेच आता त्यास लाकडी चौकट करून देण्याचे पत्करले आहे. त्याच्या प्रश्नास उत्तर मिळाले असे आम्ही समजतो.